मागच्या चाकातली शीळ

थोरल्याने मागच्या सीटची गादी काढून गॅरेजच्या दाराशी ठेवली, गाडीत शिरून मोकळ्या पत्र्यावर गुडघे टेकले आणि उजवा कान खाली लावून म्हणाला, "सोडा गाडी. हळू चालवा. मी म्हटलं की ब्रेक दाबा."

डॉक्टरीणबाईंनी गाडी सोडली. गल्ली सरळ आणि लांब होती. एका अंगाला गोदामांची बंद दारं, दुसऱ्या अंगाला उंच भिंत. भिंत आवाज परत आणून देते, म्हणून गाडी ऐकायची तर इथेच, असं थोरल्याचं जुनं मत होतं.

"दाबा."

गाडी थांबली.

"आला?" बाईंनी मान वळवून विचारलं.

"काय आला?"

"अहो, आवाज. आत्ता तर आला."

"परत एकदा घ्या."

त्यांनी परत एकदा घेतलं. थोरल्याला इंजिनाची घरघर ऐकू आली, खालचे स्प्रिंगचे पाटे कुरकुरले ते ऐकू आलं, खालून एक खडा उडून पत्र्यावर आपटला तोही ऐकू आला. ब्रेकचा म्हणून काही आवाज नव्हता. त्याने दुसरा कान लावून पाहिला. एवढ्या वयाच्या माणसाने गाडीत असं ओणवं पडून राहणं शोभत नाही, पण गाडी ऐकायची असली की तो शोभेचा विचार करत नसे. याच गुणामुळे गावाने त्याला कानसेन हे नाव दिलं होतं. गाडी अजून गल्लीच्या तोंडाशी असायची आणि हा हातातला चहा खाली ठेवून म्हणायचा, 'पुढचा उजवा बेअरिंग'. उघडून पाहिलं की तेच निघायचं. लोक घरी आलेल्या पाहुण्यांना हे दाखवायला मुद्दाम घेऊन येत.

"नाही हो," गुडघे चोळत बाहेर येऊन तो म्हणाला. "आवाज नाही."

"मिस्त्री, मी दवाखान्यासमोर ब्रेक लावते आणि बाकावरचे पेशंट गाल धरतात. त्यांना वाटतं, आत कुणाच्या तरी दाढेला यंत्र लागलं. परवा एक जण तर उठून घरी गेला."

बाई दातांच्या डॉक्टर. गाडी त्यांच्या सासऱ्यांची, फुगीर पाठीची, गोल दिव्यांची, आता रस्त्यावर दिसली की माणसं थांबून बघतात अशी. सासरे गेल्यावर घरच्यांनी ती मोडीत काढायचं ठरवलं होतं. बाईंनी कुणाशी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या गाडी दवाखान्यात न्यायला लागल्या आणि तो विषय तिथेच संपला. या गाडीसाठी थोरल्याकडे त्यांची ही तिसरी खेप होती.

पहिल्या खेपेला त्याने एक आवाज पकडला होता, आणि फार सुरेख पकडला होता. ब्रेक दाबला की मागून 'टक्' व्हायचं. या गाड्यांच्या मागच्या चाकात ड्रम असतो, म्हणजे चाकाबरोबर फिरणारं लोखंडी भांडंच म्हणा. त्याच्या आत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन शू. पाय दाबला की शू फाकतात, भांड्याच्या आतल्या अंगाला घासतात आणि चाक थांबतं. बाईंच्या गाडीचे ड्रम कुणीतरी लेथवर घाईघाईत कातले होते आणि आत स्क्रूसारखे बारीक आटे राहून गेले होते. शू त्या आट्यांवरून बाजूला सरकत जायचा आणि स्प्रिंगने ओढला की परत जागेवर आपटायचा. हे सगळं थोरल्याने नुसतं ऐकून सांगितलं. मग ड्रम उघडले, पॉलिश पेपरने आटे मोडले, 'टक्' गेला. त्या खुशीत तो पुढचे काही दिवस बायकोला हीच गोष्ट सांगत होता आणि ती बिचारी दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं तोंड करत होती.

पण बाई परत आल्या. म्हणाल्या, तो गेला, दुसरा राहिलाय. बारीक आहे, पाटीवर पेन्सिल उभी धरून ओढल्यासारखा. थोरल्याने गाडी ऐकली, असा काही आवाज नाही म्हणून सांगितलं आणि त्यांना वाटेला लावलं. आणि आज ही तिसरी.

"मी खरं तर दुसरीकडे नेणार होते," बाई म्हणाल्या. "पण आमचे एक पेशंट आहेत, वकील. त्यांनी बजावलं, जायचं तर थोरल्याकडेच जा. पत्र्याच्या पलीकडे त्याचा धाकटा भाऊ बसतो, त्याच्याकडे चुकूनही नको. तो नसलेले आवाज काढतो आणि बिलात लावतो."

थोरल्याने ते वाक्य ओळखलं. ते त्याचंच होतं. वकिलाकडे जाऊन, गावभर हिंडून आज परत दारात आलं होतं.

"तुम्ही एकट्या चालवा," तो म्हणाला. "मी बाहेर उभा राहून ऐकतो. बाहेरून जास्त कळतं."

बाहेरून काही जास्त कळत नाही, हे त्याला माहीत होतं. पण काहीतरी म्हणणं भाग होतं.

गाडी गल्लीच्या टोकापर्यंत गेली, वळली, आणि परत येताना त्याच्यासमोर ब्रेक लागला. टायरखाली खडी चिरडल्याचं त्याला ऐकू आलं. बाकी काही नाही. मात्र शटरशी भुऱ्या झोपला होता, गल्लीतला कुत्रा, सगळ्यांचा आणि कुणाचाच नाही असा. त्याने मान वर केली आणि दोन्ही कान मागे पाडले. गाडी पुढे गेली तशी मान परत पायांवर ठेवली.

थोरल्याने बाईंना हात केला, परत एकदा या. या वेळी तो गाडीकडे पाहत नव्हता. ब्रेक लागला आणि भुऱ्याने मान उचलली, कान पाडले, तोंड वेडंवाकडं केलं. तिसऱ्यांदा थोरल्याने बाईंना सांगितलं, ब्रेक न लावता तशाच जा. गाडी तेवढ्याच वेगाने, तेवढीच घरघरत गेली. भुऱ्या झोपून राहिला.

आयुष्यभर त्याने गाड्यांचा रोग असाच शोधला होता. एक गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या आणि काय होतं ते पाहायचं. या रीतीने निघालेलं उत्तर कधी चुकलं नव्हतं. आताही चुकलेलं नाही, हे त्याला कळत होतं, आणि तरी तो कुत्र्याकडे बघत बराच वेळ उभा राहिला. बाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, "झालं का मिस्त्री?"

"झालं," तो म्हणाला. "आत घ्या. उघडतो."

"म्हणजे आवाज आहे?"

"आहे."

गाडी आत आली. त्याने मागून जॅक लावला, खाली स्टँड दिले, दोन्ही चाकं उतरवली. हे सगळं त्याचे हात करत होते. बाई भिंतीजवळच्या स्टुलावर मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. दातांच्या डॉक्टरला दुसऱ्याचं काम शांतपणे बघत बसायची सवय नसते. त्या दोनदा उठल्या, हत्यारांची फळी पाहून आल्या, परत बसल्या.

"पलीकडे कोण शीळ घालतंय?" त्यांनी विचारलं. "सुरात घालतात हो."

थोरल्याचा हात ड्रमवर थांबला.

गॅरेजच्या बरोबर मधोमध, जमिनीपासून आढ्यापर्यंत, जुन्या पत्र्यांची आडभिंत होती. पलीकडच्या अर्ध्यात धाकटा भाऊ काम करायचा. शीळ घालत काम करायची त्याची लहानपणापासूनची खोड. आई म्हणायची, याला पाळण्यात ठेवला तर तिथूनही शीळ घालेल. आडभिंत उभी राहिली आणि थोरल्यापुरती ती शीळ बंद झाली. थोरल्याने त्याचा आपल्या सोयीचा अर्थ लावला होता, की मनात खोट असली की माणसाला शीळ सुचत नाही. एकदा जेवताना तो हे बायकोला म्हणालाही होता. बायकोने वाढता वाढता त्याच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं होतं.

"आत्ता घालतोय?" त्याने विचारलं.

"मी आल्यापासून चालू आहे. तुम्हाला सवय झाली असेल, म्हणून जाणवत नसेल."

"हो," थोरला म्हणाला. "सवय झालीये."

त्याने ड्रमला चारी बाजूंनी हातोडीने हलके ठोके दिले आणि तो ओढून काढला. आत ब्रेकची काळी धूळ साचली होती. धुळीला फुंकर मारायची नाही, ओल्या फडक्याने टिपून घ्यायची, हे त्यानेच धाकट्याला शिकवलं होतं. फडकं फिरवताना त्याला वकिलाच्या गाडीचा दिवस आठवला. तो दिवस टाळता येईना.

तेव्हा दोघं भाऊ एकत्र होते. धाकटा गल्लीत गाडी फिरवून आला आणि म्हणाला, "दादा, मागच्या डाव्या ड्रममध्ये शीळ आहे. उघडू या." थोरल्याने गाडीत बसून स्वतः ऐकलं. काही नव्हतं. धाकटा म्हणाला, आहे. थोरला म्हणाला, नाही. गिऱ्हाइकासमोर आहे-नाही, आहे-नाही असं चाललं आणि थोरल्याचा पारा चढला. ज्याच्या कानाची गावाने शपथ घ्यावी त्याला घरचाच माणूस चारचौघांत खोटं पाडतो म्हणजे काय. "याला हल्ली नसलेले आवाज ऐकू येतात, वकीलसाहेब," तो हसत हसत म्हणाला. "बिल वाढतं ना त्याने." वकील हसला, त्याचा ड्रायव्हर हसला. धाकट्याचं तोंड एवढंसं झालं. तिथेच थांबता आलं असतं. पण संध्याकाळी घरी विषय परत निघाला आणि थोरल्याने आईसमोर 'चोर' हा शब्द वापरला.

थोरल्याच्या कानावर आईचा गावाहून जास्त विश्वास. तू असं केलंस का, असं तिने धाकट्याला विचारलंच नाही. "असं कशाला केलंस रे?" एवढंच तिने विचारलं. मग पत्रे उभे राहिले, धाकट्याने वेगळं घर केलं. आईला भेटायला तो येत राहिला, आणि दर वेळी तो निघताना आई त्याचा हात हातात धरून म्हणायची, "आता नीट धंदा करतोस ना?" तो "हो, आई" म्हणायचा आणि चपला घालायचा. थोरला तिथेच पेपर वाचत बसलेला असायचा. आपण आईपासून काही लपवलं नाही याचं त्याला तेव्हा समाधान वाटायचं. गेल्या हिवाळ्यात आई गेली. जाण्याच्या आदल्या दिवशीही तिने धाकट्याला तेच विचारलं होतं.

मडगार्डखाली डोकं घालून थोरला बसून राहिला. त्याला लाज वाटत होती, अशी लाज की अंगातून वाफ निघावी. चूक झाली एवढंच असतं तर त्याने ती निस्तरली असती. चुका निस्तरणं हाच तर त्याचा धंदा. पण ज्या माणसासमोर ही निस्तरायला हवी होती ते माणूस आता नव्हतं.

"काय सापडलं?" बाईंनी विचारलं.

"सांगतो."

कानाने सांगायचं ते आता डोळ्यांनी शोधायचं होतं. त्याने चष्मा लावला, बॅटरी धरली. शूवरचं लायनर, म्हणजे ड्रमला घासणारं अस्तर, जागोजागी काचेसारखं गुळगुळीत झालं होतं, त्याच्या कडा सरळ आणि टोकदार होत्या. असली कड फिरत्या ड्रमला टेकली की थरथरते आणि किंचाळते. शू ज्या उंचवट्यांवर टेकून सरकतो ते कोरडे ठाक पडले होते. त्याने कानस घेऊन कडा उतरत्या केल्या, लायनरची चकाकी पेपरने मोडली, उंचवट्यांवर बोटाच्या टोकाने जरासं ग्रीस लावलं. स्प्रिंगा ताणून पाहिल्या. एक ढिली वाटली ती बदलली. मग दुसऱ्या बाजूला जाऊन तेच सगळं परत केलं. काम नेहमीसारखं नेटकं होत होतं. फक्त मधेच तो थांबायचा, आडभिंतीकडे कान करायचा आणि परत कामाला लागायचा.

"आता बघा चालवून," चाकं चढवून त्याने सांगितलं. "सगळं नीट आहे."

बाई गल्लीत दोन फेऱ्या मारून आल्या. उतरताना त्यांचा चेहरा अवघडलेला होता, पेशंटला दाढ काढावीच लागेल हे सांगायचं असतं तसा.

"कमी झालाय. खूपच कमी झालाय. पण आहे."

"कुठल्या बाजूला?"

"ते मला नाही सांगता येत. मागून येतो एवढंच." त्या जवळ आल्या आणि आवाज न चढवता, पण त्याच्या तोंडासमोर उभं राहून म्हणाल्या, "मिस्त्री, तुम्हाला तो ऐकू येत नाहीये ना?"

थोरल्याने हातातला पाना पुसला, उलटा करून परत पुसला.

"आमच्या धंद्यातही होतं हे," त्या म्हणाल्या. "जन्मभर ते यंत्र कानाशी. आमच्या सरांना शेवटी बारीक आवाज येईनासे झाले. बाकी सगळं यायचं. म्हणून त्यांना बरीच वर्षं पत्ताच लागला नाही."

"बाकी सगळं येतं," थोरला म्हणाला. "बसा पाच मिनिटं. मी आलो."

पलीकडच्या अर्ध्यात जायचं तर रस्त्यावर उतरून दुसऱ्या शटरने आत जावं लागे. चार पावलांचं अंतर, पण आडभिंत झाल्यापासून थोरला ते चालला नव्हता. आपल्याला जमलं नाही म्हणून गाडी ऐकायला दुसऱ्या कुणाला बोलवायचं, हेही त्याने आजवर कधी केलं नव्हतं. शटरशी तो थबकला. आतली जागा त्याला वाटायची तशी रिकामी नव्हती. एक गाडी जॅकवर होती, दुसरी वाट बघत होती. धाकटा एका चाकाजवळ उकिडवा बसला होता आणि त्याचे ओठ चंबूसारखे गोल झाले होते. थोरला अगदी जवळ गेला तेव्हा कुठे त्याला शिळेचा एक पुसट धागा ऐकू आला. धाकट्याने वर पाहिलं आणि ओठ मिटले.

"एक गाडी ऐकायची आहे," थोरला म्हणाला. "येतोस का जरा?"

"तुम्ही असताना?"

वेगळं झाल्यापासून तो थोरल्याला अहो-जाहो करायचा. त्यात राग नव्हता. परक्या माणसाशी बोलावं तसं ते असायचं, आणि थोरल्याला शिवी परवडली असती.

"मला ऐकू येत नाही," थोरला म्हणाला.

"काय ऐकू येत नाही?"

"बारीक आवाज. शीळ वगैरे."

धाकटा उठून उभा राहिला. खिशातलं फडकं काढून त्याने एकेक बोट पुसलं.

"कधीपासून?"

"मला आज कळलं."

"वकिलाच्या गाडीच्या वेळी?"

"तेव्हाही नसणार येत."

धाकट्याचं बोट पुसणं थांबलं. तो बराच वेळ थोरल्याच्या कानाकडे पाहत राहिला, जसं काही बिघाड बाहेरून दिसणार होता.

"मला वाटलं होतं, तुम्हाला येतोय," तो म्हणाला. "येतोय, आणि तरी मुद्दाम नाही म्हणताय. मी आधी ऐकला म्हणून."

असा विचार मनात घेऊन धाकटा इतके दिवस पत्र्यापलीकडे बसला होता, हे थोरल्याला आजवर सुचलंच नव्हतं. आपण दुखावलो एवढंच त्याने धरून ठेवलं होतं.

"चला," धाकटा म्हणाला.

बाईंनी गाडी सुरू केली. धाकटा मागे, थोरल्याच्याच जागी, पत्र्यावर गुडघे टेकून बसला. थोरला गल्लीत उभा राहिला. गाडी गेली, थांबली, सुटली, परत थांबली. मग बाईंना काहीतरी सांगून धाकटा खाली उतरला आणि गाडीच्या बरोबरीने चालत आला, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. चालताना मान एका खांद्यावर कललेली. थोरला स्वतः अशीच मान करायचा. कुणाकडून उचललं हे, असं आई हसून विचारायची, आणि थोरला ताठ व्हायचा.

गाडी आत आली. धाकटा उजव्या चाकाशी थांबला.

"डावा गेला," तो म्हणाला. "उजवा आहे. परत उघडावा लागेल."

हे बोलून तो चाकाकडेच पाहत राहिला. थोरल्याच्या तोंडाकडे पाहायचं त्याने टाळलं.

बाईंनी मात्र पाहिलं. वकिलाने काय बजावलं होतं ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होतं.

"आत्ताच तर तुम्ही बंद केलात," त्या थोरल्याला म्हणाल्या. "सगळं नीट आहे म्हणालात."

"मी नुसतं डोळ्यांनी पाहून म्हणालो," थोरला म्हणाला. "याला आवाज येतोय ना, मग आहे. याचा कान खरा आहे." त्याने बाईंकडे सरळ पाहिलं. "वकीलसाहेबांच्या गाडीतही होता. माझे कान गेले होते आणि मी याला चोर ठरवला. ते दात दाखवायला आले की सांगा त्यांना. मी सांगितलं म्हणून सांगा."

"सांगेन," बाई हळूच म्हणाल्या.

धाकट्याने काही ऐकल्याचं दाखवलं नाही. त्याने जॅक ओढून घेतला, गाडी उचलली, चाकाचे नट सैल केले, चाक काढून भिंतीला टेकवलं. मग तो थोरल्याकडे पाठ करून ड्रमसमोर बसला. त्याने दोन्ही हात ड्रमवर ठेवले आणि ओढून पाहिला. ड्रम घट्ट बसला होता. हात तसेच ठेवून, मान खाली घालून, तो ड्रमशीच बोलल्यासारखा पुटपुटला, "आई असताना म्हणायचं होतंस हे, दादा."

चाकाजवळ उभ्या असलेल्या बाईंना ते स्वच्छ ऐकू गेलं. थोरल्याला फक्त धाकट्याची पाठ दिसत होती, आणि मान जराशी हलली ती दिसली.

"काय म्हणालास?" त्याने पुढे वाकून विचारलं.

बाईंनी पर्स उघडली आणि उगाचच आत काहीतरी शोधायला लागल्या.

धाकट्याने मान मागे वळवली आणि थोरल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "काही नाही. हातोडी दे."

थोरल्याने हातोडी दिली.